माणिकप्पांची छत्रीवाली

लातूरच्या मार्केट यार्डात दुपारी सौदे आटोपले की हमाल लोक पोत्यांना पाठ टेकून मोबाइल बघत बसतात. त्यातल्या एखाद्याला काही चांगलं बघायचं असलं, तर तो माणिकप्पांकडे जातो. माणिकप्पा आधी एकच प्रश्न विचारतात.

"मारामारी पायजे का सावकाश?"

मारामारी म्हणणाऱ्याला ते डोंगराएवढ्या लोखंडी माणसाच्या पोटात बसून लढणाऱ्या पोराची जपानी मालिका सांगतात. सावकाश म्हणणाऱ्याकडे जरा वेळ बघतात आणि मग छत्रीवालीचं नाव घेतात. सोबत एक ताकीद असते. गाणं लागलं म्हणून बंद करायचं नाही. गाणं संपल्यावरही थांबायचं.

एवढं बोलणं माणिकप्पांच्या हिशेबानं भाषणच म्हणायचं. कारण यार्डात त्यांना ओळखत नाही असा माणूस नसला, तरी त्यांचा आवाज ऐकलेले लोक पूर्वी फार थोडे होते.

चाकूरकडच्या एका खेड्यातून ते लातूरला आले, ते लातूर नवा जिल्हा झाला त्या साली. जिल्हा झाला की कामं निघतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कचेरीत काही काम निघालं नाही, पण मार्केट यार्डात निघालं. एका डाळ मिलच्या खरेदीदारानं त्यांना माल बघायला ठेवून घेतलं आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी तेच केलं. माल बघायचा म्हणजे पोत्यात टोकदार लोखंडी नळी खुपसायची. वरून एकदा, मधून एकदा, बुडातून एकदा. तिन्ही जागची तूर तळहातावर घ्यायची, फुंकर मारायची, एखादा दाणा दाताखाली धरायचा. मग मान हलवायची. उभी हलली तर सौदा पुढे, आडवी हलली तर पोतं बाजूला. अख्खं पोतं उपसून कुणी बघत नाही. तसं बघत बसलं तर बाजार उरकायचाच नाही. माणिकप्पांची मान सहसा चुकत नसे, आणि मान हलवून भागत असल्यामुळे बोलायची वेळही येत नसे.

स्वभावच तसा. लग्नकार्यात ते पाण्याचा जग घेऊन पंगतीतून फिरत, म्हणजे कुणाशेजारी बसून गप्पा मारायला नकोत. घरी बायको कमलम्मा दोघांच्या वाटचं बोलत असे. एकुलता मुलगा बसवंत खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. फळ्यासमोर तो चांगला बोलायचा म्हणतात. घरात बापावर गेलेला.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते साऱ्या देशानं पाहिलं. यार्डातले ओटे रिकामे पडले होते आणि त्यावर कुत्री झोपत होती. माणिकप्पांची नळी कोपऱ्यात उभी होती. पाणी नाही म्हणून होस्टेलवाल्यांनी पोरं गावी धाडली, तसा बसवंतचा क्लासही बंद पडला. आणि त्यातच त्याच्या लग्नाचं बघायचं चाललं होतं.

तीन ठिकाणी मुली बघून झाल्या. मुलीकडचे लोक मुलाचा पगार विचारत नव्हते, नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारत होते. कमलम्मा उत्तर निम्म्यावर आणून सांगायची. पण पेपर सगळ्यांच्याच घरी येत होता. लातुरात पोरगी द्यायची म्हणजे तिच्या डोक्यावर घागर द्यायची, असं एका आजीबाईनं तोंडावर सांगितलं. बसवंत तिशीला आला होता. ह्या वर्षी नाही जमलं तर मग कधी, ही काळजी कमलम्मा बोलून दाखवायची आणि माणिकप्पा न बोलता करायचे.

चौथं स्थळ उदगीरचं होतं. कमलम्माची मावशी नागुबाई तिकडे राहायची, तिनं आणलेलं. मुलीचे वडील गुरुपादप्पा यांचं भांड्यांचं दुकान होतं. त्या वर्षी पितळ-स्टील कुणी विचारत नव्हतं, पण प्लास्टिकची पिंपं दुकानात उतरायच्या आधी खपत होती. मुलगी शिवगंगा. नांदेडला इंजिनिअरिंग करून उदगीरच्या एका कॉलेजात शिकवायला लागलेली.

बघायच्या कार्यक्रमात 'शरणार्थ' म्हणून नमस्कार झाले, चुरमुऱ्यांचा सुशीला आला, चहा आला. गुरुपादप्पा उदगीर जिल्हा झाला पाहिजे म्हणणाऱ्या समितीत होते. त्यांनी मुलीचं सोडून जिल्ह्याचंच काढलं.

"औंदा नक्की होतोय बगा. जागा बी बघून ठेवल्यात कचेरीला. माणिकप्पा, तुमचा लातूर झाला तवा तुमी होता की तिथं. काय काय झालं?"

माणिकप्पांनी विचार केला. "पाट्या बदलल्या," ते म्हणाले.

गुरुपादप्पा आणखी ऐकायला थांबले, पण पुढे काही आलं नाही.

कमलम्मानं मुलीला विचारलं, "माय, तुला आवड कशाची हाय? भरतकाम, रांगोळी?"

शिवगंगा म्हणाली, "मी जपानी ॲनिमेशन बघते."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. गुरुपादप्पा घाईनं म्हणाले, "कार्टून हो. होस्टेलवरची सवय हाय. लग्न झालं की सुटंल."

"सुटणार न्हाई, आण्णा," मुलगी म्हणाली. "आणि लहान पोरांचं न्हाई ते."

नागुबाईनं पदर तोंडाला लावला. बसवंत पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. अशी गप्प बसलेली खोली माणिकप्पांना बोलण्यापेक्षाही अवघड वाटायची. ती मोडायची म्हणून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "त्यातलं चांगलं कोन्तं?"

शिवगंगानं पहिल्यांदा मान वर केली. आजवर तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

"काका, तुमाला मारामारी आवडती का सावकाश?"

"सावकाश."

ती उठून आत गेली आणि एक पेन ड्राइव्ह घेऊन आली. त्यात एकच मालिका होती. डोंगरातल्या गावोगावी फिरून छत्र्या दुरुस्त करणाऱ्या मुलीची. भाषा जपानी, पण खाली मराठी ओळी येतात, त्या होस्टेलवर तिनं आणि तिच्या किनवटच्या मैत्रिणीनं बसून लिहिल्या होत्या.

"पहिल्यापासून ओळीनं बघा. मधलं सोडू नका. आन गाणं लागलं की बंद करू नका, गाणं संपल्यावर बी थांबा."

माणिकप्पांनी मान उभी हलवली. पेन ड्राइव्ह खिशात घातला. परतीच्या वाटेवर कमलम्मा म्हणाली, "पोरगी तोंडानं खणखणीत हाय. आपल्या घरात एक तरी पायजेच." बसवंतनं दुसऱ्या दिवशी दाढी करताना शीळ घातली, हे तिनं ऐकलं.

माणिकप्पांनी बसवंतच्या लॅपटॉपवर मालिका बघितली, पण आपल्या पद्धतीनं. वरून एकदा, मधून एकदा, बुडातून एकदा.

पहिल्या भागात धो धो पाऊस पडत होता. एक म्हातारा दारात उभा होता आणि त्याची मुलगी पाठीवर बांबूच्या काड्यांचा भारा घेऊन घर सोडून निघाली होती. खाली ओळ आली, 'कुठं चाललीस?' मुलगी म्हणाली, 'कळंल तवा सांगते.' जपानी म्हाताऱ्याच्या तोंडी आपली बोली बघून माणिकप्पांना बरं वाटलं. मधला एक भाग लावला. ती मुलगी एका चांगल्या घरात राहत होती. त्या घरच्या मुलाचा जीव तिच्यावर जडला होता, त्याची आई तिला आपल्या हातानं वाढत होती, आणि ती भर पावसात कुणाला न सांगता मागच्या दारानं निघून गेली. मग शेवटचा भाग लावला. मुलगी बापाच्या घरी परत आली होती. एकटी. तिनं छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली आणि चुलीपाशी बसली. गाणं सुरू झालं. माणिकप्पांनी लॅपटॉप मिटला.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. मग कमलम्माला म्हणाले, "न्हाई जमायचं."

"काय न्हाई जमायचं?"

"पोरीच्या मनात न्हाई. तिनं सांगितलं."

"कवा सांगितलं? मी तिथंच होते की!"

"ह्यात सांगितलंय." त्यांनी पेन ड्राइव्ह पुढे केला. "चांगल्या घरातून उठून जाती आन बापाकडं येऊन बसती. तोंडानं बोलता येत न्हाई म्हणून हे दिलं."

"अवो, कार्टुनातून नकार कोण देतं?"

"रत्नम्मानं चहातून दिला होता."

रत्नम्मा ही माणिकप्पांची धाकटी बहीण. तिला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या चहात तिनं साखरेऐवजी मीठ घातलं होतं. पाहुण्यांनी चहा निमूट प्याला, घरच्यांनी पोर गोंधळली म्हणून हसण्यावारी नेलं आणि लग्न लागलं. तो संसार काही धड झाला नाही. रत्नम्मा माहेरी आली की अजून म्हणायची, मी सांगितलं होतं, एकालाही कळलं नाही. तेव्हापासून माणिकप्पांच्या मनात एक बसून गेलं होतं, की मुली नाही म्हणतात ते आडून म्हणतात आणि ते ओळखणं आपलं काम आहे.

नागुबाईमार्फत निरोप गेला. खरं कारण सांगितलं तर बापासमोर मुलगी उघडी पडेल, म्हणून 'सध्या पाण्याचं अवघड हाय, पुढच्या साली बघू' असं सांगितलं. गुरुपादप्पांचा उलटा निरोप आला. जिल्हा होणारं गाव सोडून पोरगी कोरड्या जिल्ह्यात देत होतो, ती आमचीच चूक. बसवंतनं दोन्ही निरोप ऐकले, मोटारसायकलची किल्ली उचलली आणि बाहेर निघून गेला.

पेन ड्राइव्ह परत द्यायचा राहिला होता. टँकर गल्लीत कधी येईल त्याचा नेम नसायचा, म्हणून घरात कुणीतरी थांबावं लागे. बाजार बंद असल्यानं ते काम माणिकप्पांकडे आलं. दारात पिंपं मांडायची आणि वाट बघायची. त्या वाट बघण्यात त्यांनी पुन्हा लॅपटॉप उघडला. मालिकेत त्यांना काही शोधायचं नव्हतं. त्यातला पावसाचा आवाज ऐकायचा होता. गल्लीतल्या दोन बायका रिकाम्या घागरी घेऊन जाता जाता थांबल्या.

"कुठं चालू हाय हो काका, पाऊस?"

"जपानात," माणिकप्पा म्हणाले.

"त्यास्नी सांगा जरा इकडं लोटा म्हणावं."

बायका गेल्या. भाग पुढे सरकत राहिले. ह्या वेळी मधलं काही सुटलं नाही, कारण टँकर येत नव्हता आणि दुसरं काही काम नव्हतं.

ती छत्रीवाली प्रत्येक घरातून निघून जायची, ते खरं होतं. छत्री नीट झाली की तिचं काम संपायचं. पण त्या चांगल्या घरातून ती पळाली नव्हती. त्या मुलाच्या म्हाताऱ्या आईच्या लग्नातली कागदी छत्री फाटली होती, तिला लागणारा कागद फक्त डोंगरापलीकडच्या एका गावात मिळायचा, आणि सांगितलं असतं तर त्या पावसात तिला कुणी जाऊ दिलं नसतं. लगेच पुढच्याच भागात ती कागद घेऊन परत आली. चिखलानं भरलेली. म्हातारीनं तिला रागं भरलं आणि मग गरम पाण्यानं तिचे पाय धुतले. माणिकप्पांनी मालिका तिथं थांबवली. नळी एक बोट अलीकडे खुपसली गेली होती.

शेवटचा भाग त्यांनी जपून बघितला. मुलगी चुलीपाशी बसली. गाणं लागलं. ते थांबले. गाणं संपलं, काळा पडदा आला, आणि मग पुन्हा चित्र सुरू झालं. म्हातारा आतून एक गाठोडं घेऊन आला. मुलीनं छत्री उघडली. दोघं एकाच छत्रीतून डोंगर उतरू लागले. खाली रस्त्यावर ते चांगल्या घरचे लोक उभे होते. ती बापाला आपल्या घरी न्यायला आली होती.

दुसऱ्या दिवशी माणिकप्पांनी एसटीनं उदगीर गाठलं. कमलम्मा सोबत येते म्हणाली, तर त्यांनी मान आडवी हलवली. वाटेत ते काय बोलायचं ते जुळवत होते आणि दर थांब्याला विसरत होते.

गुरुपादप्पा दुकानात होते. गिऱ्हाइकं होती. त्यांनी माणिकप्पांना बसा म्हटलं, पण स्टूल पुढे सरकवला नाही.

"बोला पाव्हणे. पिंप पायजे का?"

"मुलीची वस्तू द्यायची हाय."

"द्या, मी देतो."

"तिच्याच हातात द्यायची हाय."

गुरुपादप्पांनी आतल्या बाजूला हाक मारली. घर दुकानाच्या मागेच होतं. शिवगंगा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. त्या दिवसांत पाहुण्याला पाणी नुसतं विचारत, आणून देत नसत. तिनं आणलं. पण चेहरा बंद होता.

माणिकप्पांनी पेन ड्राइव्ह काढला आणि हातातच धरून ठेवला.

"माय, मी बघितलं."

"बरं."

"पयल्यांदा चुकीचं बघितलं. पोतं बघतो तसं. वरचं, मधलं आन बुडाचं."

शिवगंगाला क्षणभर कळलं नाही. "मधलं कोन्तं?"

"ती मागच्या दारानं जाती ते."

"आन लगेच फुडचा भाग?"

"न्हाई बघितला."

"शेवटी गाणं संपेपर्यंत थांबलात?"

"न्हाई."

"मी सांगितलं होतं, काका."

"हाव."

पिंपाचा भाव करत असलेलं एक गिऱ्हाईक भाव सोडून ऐकू लागलं. गुरुपादप्पा म्हणाले, "कशाबद्दल बोलायलाव तुमी?"

माणिकप्पा त्यांच्याकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदाच ते भर दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "आमी पाण्यापायी नकार दिला न्हाई. मला वाटलं मुलीच्या मनात न्हाई, तिनं ह्यातून आडून सांगितलं. आता सगळं बघितलं. तिनं तसं कायबी सांगितलं नव्हतं. मीच अर्धं बघून मान हलवली."

"म्हंजे कार्टून बघून स्थळ मोडलं?" गुरुपादप्पांना रागवावं की हसावं ते सुचेना. "आवो, लोक काय म्हणतील!"

"लोक म्हणायलेतच की, आण्णा," शिवगंगा म्हणाली. "पोरीला कार्टुनाचा नाद हाय म्हणून नाकारली. गल्लीत हेच हाय. ऐतवारी बिदरचे लोक येणार हायत, त्यांच्यासमोर त्यातलं एक अक्षर काढू नको म्हणून माझी मावशी सांगून गेली."

माणिकप्पांनी खाली बघितलं. बिदरचं त्यांना माहीत नव्हतं.

"बिदरच्यांना थांबवा असं मी म्हणत न्हाई," ते म्हणाले. "फक्त आमचा नकार मागं घेतो. दोष मुलीचा नव्हता, माझा होता, एवढं गल्लीत सांगायचं असलं तर मी थांबतो आन सांगतो."

ते खरोखरच थांबले असते. गल्लीत दारोदार जाऊन बोलायची कल्पना त्यांना किती अवघड होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शिवगंगाला हसू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

"राहू द्या काका. खालच्या ओळी कशा होत्या?"

"आपल्यातल्याच वाटल्या. म्हातारा तर आमच्या चाकूरकडचा."

"मुलानं बघितलं का?"

माणिकप्पांनी ते त्याला विचारलंच नव्हतं.

"विचारा," ती म्हणाली. "आन काय ते त्यास्नीच फोन करून सांगू द्या. तुमी न्हाई, नागुआज्जी न्हाई. ऐतवाराच्या आत."

गुरुपादप्पांनी स्टूल पुढे सरकवला.

घरी परतल्यावर माणिकप्पांनी बसवंतला अंगणात गाठलं. तो रिकामी पिंपं पुसत होता.

"तू ते छत्रीवालीचं बघितलं का?"

"बघितलं."

"कवा?"

"तुमी पेन ड्राइव्ह घरी आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी. कॉपी करून घेतलं होतं. क्लास रिकामाच हाय, तिथं भिंतीवर प्रोजेक्टर लावला. चार दुपारा बसलो."

"सगळं?"

"सगळं."

"गाणं संपेपर्यंत?"

"हाव. शेवटी दोघं डोंगर उतरतात तिथपर्यंत."

माणिकप्पा पिंपाच्या काठावर टेकले. रिकाम्या बाकांसमोर एकटा बसलेला मुलगा आणि भिंतीवर पडणारा पाऊस त्यांना दिसला.

"मग मी नकार धाडला तवा बोलला कामून न्हाईस?"

बसवंतनं फडकं पिळलं. त्यातून पाणी आलं नाही. "तुमी मान आडवी हलवली की पोतं बाजूला जातं, अप्पा. लहानपणापासून बघतोय. मला वाटलं, तुमाला मला न दिसलेलं कायतरी दिसलं असंल."

दाराच्या आत उभी असलेली कमलम्मा म्हणाली, "देवा, एकाला बोलता येत न्हाई आन दुसऱ्याला विचारता येत न्हाई. कसल्या घरात पडले मी!"

माणिकप्पांनी खिशातून कागदाचा कपटा काढला. शिवगंगानं निघताना त्यावर नंबर लिहून दिला होता. बसवंतनं तो घेतला, आई-बापाकडे बघितलं आणि जिना चढून गच्चीवर गेला.

खाली ऐकू येत नव्हतं. मधेच एकदा तो हसला, तेवढं आलं. मग पुन्हा त्याचा आवाज, फळ्यासमोर असावा तसा, न अडखळता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. बायका धावल्या, पाइप ओढले जाऊ लागले, आणि आपापल्या पिंपांवरून भांडणं सुरू झाली. नेहमी बसवंत पाइप धरायचा आणि माणिकप्पा पिंपं सरकवायचे.

"त्याला हाक मारू का?" कमलम्मानं विचारलं.

माणिकप्पांची मान आडवी हलली. "सगळं होऊ दे त्याचं. थांबू जरा."

त्यांनी धोतराचा काचा मारला, गर्दीत शिरले आणि पाइपाचं तोंड धरलं. धार जोरात आली, ते भिजले. एरवी त्यांच्या पुढे कुणी पिंप सारलं तर ते गप्प राहत. त्या दिवशी ते एका बाईला म्हणाले, "आमचं होऊ द्या आधी, माय. घरात माणूस वाढायलाय."